पहिल्यांदा छापलेलं नाव

तालुक्याच्या वार्ताहराचं नाव बातमीवर छापायचं नाही, हा आमच्या दैनिकाचा जुना रिवाज. बातमी त्याची, पायपीट त्याची, वर मात्र नुसतं 'वार्ताहर'. संभाजीनगरच्या कचेरीत जिल्ह्याचं पान मी बघायचो. गंगापूरचा आमचा वार्ताहर नऊ-दहा वर्षं एकच गोष्ट मागत होता, "सर, एकदा तरी नाव येऊ द्या." मी दर वेळी त्याला झुलवत ठेवायचो. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाही वाटायची.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यानं एक बातमी पाठवली. एका बड्या नेत्यानं वाजतगाजत उद्घाटन केलेलं आरोग्य उपकेंद्र आठवड्यात कुलूपबंद झालं होतं, आणि त्या कुलपासमोर एक बाई जीपमध्येच बाळंत झाली होती. फोटो होते, बाईच्या सासूचं म्हणणं होतं. बातमी सोळा आणे खरी होती. संपादकांनी ती वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फोटो गावभर फिरलेत, नाही छापली तर आपलं हसं होईल. छापली तर वरून फोन येईल. आपल्या अंगाशी येणार नाही असं काहीतरी बघा."

मी बघितलं. बातमीवर त्याचं नाव टाकलं. म्हणजे उद्या कुणी विचारलंच, तर हे त्याचं त्यानं निस्तरावं. ही शक्कल माझी. संपादकांनी फक्त मान हलवली.

फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खरं का सर? लई उपकार झाले तुमचे." दुसऱ्या दिवशी दुपारी तो एसटीनं आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. टेबलाटेबलावर जाऊन पेढे वाटले. मला दोन दिले. मी दोन्ही खाल्ले. ते आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

आठवड्याभरात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. अफवा पसरवली, सरकारी कामात अडथळा आणला. पोलिसांनी कचेरीला विचारलं, हा तुमचा माणूस का? आम्ही लेखी कळवलं, की सदर इसम आमच्या आस्थापनेवर नाही आणि बातमीची जबाबदारी नावानिशी त्याची आहे. खाली सही संपादकांची, मसुदा माझा. 'सदर इसम' हे शब्द मीच निवडले, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

चार दिवस तो कोठडीत होता. पोलिसांनी त्याला ते पत्र दाखवलं होतं. सुटल्यावर त्यानं मला फोन केला.

"सर, पत्र वरच्यांनी द्यायला लावलं असंल. तुम्ही तसले नाय, मला म्हाईत हाय."

मी "हं" म्हणालो. खटला अजून चालू आहे. तारखेला तो एकटाच जातो, कचेरीतून कुणी जात नाही. मीही गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात पडेगावला एका लग्नात तो भेटला. हाताला धरून मला त्याच्या आईकडे घेऊन गेला. "आई, हेच ते सर." म्हातारी खुर्चीतून उठायला लागली. मी नको नको म्हणतोय तोवर उठलीसुद्धा. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "सगळी लोकं भेत्यात बाबा. तुम्ही नाय भ्यालात. माझ्या लेकाचं नाव छापलं. तुमच्या जिवावर तर त्यो उभा हाय."

शेजारी तो कौतुकानं माझ्याकडे बघत होता. आत्ताच सांगून टाकावं, असं मला खरोखर वाटलं. शरमेनं कान तापले होते. तेवढ्यात आजूबाजूचे दोघं-तिघं वळून आमच्याकडे बघायला लागले.

"अहो आई," मी म्हणालो, "त्यात काय, आमचं कामच आहे ते."