टाचणीबाईचं चुकलेलं माप

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिंपीण आहे. तोंडात सदा टाचण्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणतात. नवरा गेल्यावर एका मशीनवर तिने दोन मुली शिकवल्या. तिचा एक नेम आहे. कंबर किती, हे ती गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही; सरळ टेप लावते. म्हणते, "विचारलं की प्रत्येक जण दोन इंच खोटं बोलतो. बायका कंबर कमी सांगतात, पुरुष छाती जास्त."

ही टाचणी गेल्या वर्षी वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. कारण काय, तर गटार. तिच्या उंबऱ्याशी तुंबायचं आणि शिवलेल्या कपड्यांना वास मारायचा. समोर उभा ठेकेदार. ते गटार बांधणारा तोच! लोकांनी टाचणीला उचलून धरलं. माझी थोरली सून, एरवी स्वतःचा कपही न विसळणारी, घरोघर पत्रकं वाटत फिरली.

मतदानाला आठवडा उरला असताना एक टायवाले गृहस्थ दारात आले. हातात पाटीएवढा फोन. "आजी, मत कोणाला देणार?"

आता मला सांगा, अनोळखी माणूस, टाय लावलेला, वर लिहून घेतोय. ठेकेदाराचाच हेर असणार! उद्या आमचं पाणी तोडलं म्हणजे? मी म्हटलं, "ठेकेदारसाहेबांना. देवमाणूस!" समोरच्या मास्तरांनी तेच सांगितलं, वरच्या नर्सबाईंनीही तेच. मग जिन्यात एकमेकांना टाळ्या देऊन आम्ही हसलो. कसा बनवला!

तीन दिवसांनी पेपरात मोठं गोल चित्र. शंभरातले एकाहत्तर ठेकेदाराला. खाली बारीक अक्षरात 'शास्त्रीय पद्धत'. मी चौथी शिकलेली, पण कसलं शास्त्र डोंबलाचं! घाबरलेल्या म्हातारीला विचारायचं आणि तिच्या भीतीचे टक्के काढायचे. पाऊस येणार म्हटल्याने पाऊस येत नाही. हे मात्र 'हरणार' म्हणाले की माणूस हरतो.

टाचणीने हाय खाल्ली. जन्मात कोणाच्या तोंडच्या मापावर कात्री न चालवलेली बाई, छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून बसली. मागच्या गल्लीत जायचं राहिलं होतं, तिथे गेलीच नाही. "कशाला आजी, आणखी हसं करून घेऊ?" सूनबाई उरलेली पत्रकं कपाटात कोंबून मोकळ्या झाल्या. मतदानाच्या सकाळी मी गुडघे धरत निघाले, तर मास्तर दारातच पेपर वाचत बसलेले. "ती पडणारच आहे आजी, उगाच चपला कशाला झिजवा?"

पडली. एकोणीस मतांनी. मागची निम्मी गल्ली मतदानाला फिरकलीच नव्हती.

मी म्हणते, मतदानाआधी असले आकडे छापायलाच बंदी हवी. नातू मला शिकवतो, "अशी बंदी घालता येत नाही गं, लोकांना बोलायचा हक्क आहे." अरे, मग बोला की! मतदान उरकल्यावर घसा बसेपर्यंत बोला. शाळेत गुरुजींनी परीक्षा चालू असतानाच निकाल वाचून दाखवला असता, तर पोरांनी पेपर लिहिला असता का? कायदा माझ्या हाती असता, तर मतदानाआधी ते गोल चित्र छापणाऱ्याला त्याच गटारात उभं केलं असतं. टायसकट.

परवा माझा थंडीचा कोट सैल करायला तिच्याकडे गेले. धीर करून सांगून टाकलं, "त्या एकाहत्तरांत मीही होते गं."

तिच्या तोंडात टाचण्या. टेप माझ्या पोटाभोवती फिरली आणि तिथेच थांबली. मग तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"श्वास सोडा आजी," ती म्हणाली. "पोट आत ओढून धरलंय तुम्ही."