कापलेले लाल धागे

विजेच्या मोटारीच्या व्हार्निशचा उग्र वास आला, की धुळ्याच्या आयटीआयमधली प्रात्यक्षिक परीक्षेची ती दुपार आठवते. वर्कशॉपचे पत्रे तापले होते. दोघांत एक मोटार, अशी तिथली रीत होती. पिंपळनेरकडचा माझा जोडीदार तांब्याच्या तारेच्या कॉइल भरून प्रत्येकीच्या सुरुवातीच्या टोकाला लाल धागा बांधत असे, आणि जोडणी माझ्याकडे असे. प्रमाणपत्र हुकले तर वडिलांबरोबर ऊसतोडीला जावे लागेल, हे त्याने मला सांगितले होते. त्या दिवशी काम नीटनेटके दिसावे म्हणून मी जोडणीआधीच धागे कापले आणि खूण नसल्याने एका कॉइलची टोके उलटी जोडली. वीज सोडताच मोटार फिरली नाही. नुसती गुरगुरली आणि धूर सोडू लागली. "टोकांना खूण कोणी करायची होती?" निदेशकांनी विचारले. "मी, सर," तो म्हणाला. "मग धागे कुठे आहेत? राख्या म्हणून वाटलेस का?" सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिले. धागे माझ्या खिशात होते. मी मान खाली घातली. दोष त्याच्यावर आला. तो नापास झाला, मी पास झालो. फाटकापाशी तो शांतपणे म्हणाला, "तुनं तं व्हयनं ना, भाऊ." तुझे तर झाले ना, एवढेच. फेरपरीक्षेला तो आला नाही. मला वायरमनची नोकरी मिळाली. आता तीही संपत आली आहे. एवढ्या वर्षांत पिंपळनेरची बस कितीदा समोर उभी राहिली. क्षमा कशी मागायची, तेही मी मनाशी ठरवले होते. पण एकदाही चढलो नाही, आणि आता चढेन असे वाटत नाही.