खंडेनवमीचं कुंकू आणि डब्याची मागची बाजू

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी अंधेरीतल्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात नोकरीला होते. डिप्लोमा नवा, चष्मा नवा आणि देव नाही हे मतही नवंच. तिन्ही मी सारख्याच तोऱ्यात मिरवायची.

आमच्याकडे इमारतीची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद करणारी पेटी बनायची. तिचा मेंदू म्हणजे चाळीस पायांची चिप. प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर लिहायचा, केबलने एका डब्यात पाठवायचा, आणि डबा तो चिपमध्ये भरायचा. त्या डब्यालाही प्रोग्रॅमरच म्हणत. गाळ्यात हे काम मला एकटीलाच येत होतं, म्हणून मी जमिनीपासून चार बोटं वरून चालायची.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. सगळ्या वायरी काढून, पुसूनबिसून, सोल्डरिंगच्या बायकांनी ड्रिल मशीनपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी हाताची घडी घालून म्हटलं, "मशीनला काय कळतंय कुंकू?"

त्यांच्यातली थोरली मालवणकडची. ती म्हणाली, "मशिनीक कळना नाय, मॅडम. आमका कळता."

तेवढ्यात साहेबांनी मला बाजूला घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कांदिवलीच्या एका सोसायटीची माणसं पेटी बघायला येणार होती. "पेटी चालली तर तू कायम. नाही चालली, तर तुझे कच्च्या नोकरीचे सहा महिने झालेच आहेत."

माझ्या नास्तिकपणाची मुदत तिथेच संपली. सगळे पेढे खायला गेले तेव्हा मी ओल्या हळदकुंकवात बोट बुडवलं. डब्याला पुढून लावलं तर दिसेल! म्हणून मागे, केबल खुपसतात त्या सॉकेटवर लावलं. भक्ती नवी होती, त्यामुळे चांगलं दाबून लावलं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी नऊला पेटीची चिप भरायला केबल जोडली, तर डबा उत्तरच देईना. कॉम्प्युटरचा आणि डब्याचा माहिती पाठवायचा वेग तपासला, सारखाच होता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. केबलमधल्या दोन वायरींची अदलाबदल केली, ढिम्म. मग परत होत्या तशा केल्या. साडेनवाला घाम, दहाला संताप.

"तुमच्या पूजेनेच वाट लागली!" मी बायकांवर ओरडले.

थोरली शांतपणे म्हणाली, "आधी बघ तरी गो, बोलणारो मुको आसा काय ऐकणारो बहिरो."

हे मला पुस्तकात शिकवलं होतं, पण पुस्तक घरी होतं. मी केबलच्या टोकाला पाठवायची आणि घ्यायची पिन तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडली. असं केलं की टाइप केलेलं आपल्याकडेच परत येतं. आलं. म्हणजे कॉम्प्युटर आणि केबल ठीक, बहिरा होता तो डबा.

थोरलीने डबा उलटा करून उजेडात धरला. सॉकेटची भोकं वाळलेल्या लाल चिखलाने बुजली होती.

"हयसर कोणी लावल्यान?"

"आम्ही मागे हातच लावला नाही हां!" बायका म्हणाल्या.

थोरलीने माझ्या हाताकडे पाहिलं. करंगळीशेजारच्या बोटाचं नख अजून पिवळं होतं. स्पिरिट आणि बारीक ब्रश घेऊन तिने एकेक भोक साफ केलं, फुंकर मारली, सुकू दिलं. पावणेअकराला डब्याने उत्तर दिलं.

पाहुण्यांसमोर पंप वेळेवर बंद झाला. मी कायम झाले. साहेबांनी विचारलं, "काय बिघडलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "धूळ होती, साहेब."

पुढच्या खंडेनवमीला तिने भर गाळ्यात तबक माझ्यापुढे धरलं.

"लाव गो. पण फुडल्या बाजूक."

मी लावलं. देवाबद्दलचं मत तेच होतं, जागा तेवढी बदलली.