परस कोणाचा

"ताई, हात अजून वर. बोटं ताठ ठेवा."

विहिरीच्या कठड्याजवळ मी चपला काढून उभी होते. उजवा हात वर केलेला. भोवती नऊ पोरं, त्यांच्याकडं मोजायची टेप. एक मुलगी स्टुलावर चढून माझ्या बोटाच्या टोकाला टेप लावत होती. टेप सरळ बसेना, म्हणून तिनं माझा पदर बाजूला सारला. विचारलं नाही. सर मोबाइलवर शूटिंग करत होते. आकडा आला, एक मीटर नव्वद, आणि पोरांनी तो कागदावर उतरवून घेतला.

स्टुलावरच्या मुलीनं मघाशी आपलं पॅड माझ्या डाव्या हातात दिलं होतं. मी वाचलं. इंग्रजीत होतं. मला वाचता येणार नाही असं त्यांनी धरूनच चाललं होतं. वर लिहिलं होतं, निरक्षर समाज कसे मोजतात. खाली तीन प्रश्न. तिसरा प्रश्न असा: आपण गणित करत आहोत हे या बाईंना माहीत असेल का? हो किंवा नाही लिहा.

मी दहावी पास आहे. पाबळला एक वर्षाचा कोर्स केला आहे. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, मातीचं परीक्षण. तिथलं मॅन्युअल इंग्रजीत होतं, बोट ठेवून ठेवून वाचलं, पण वाचलं.

हात तेव्हाच खाली घ्यायला हवा होता. घेतला नाही. माझ्या टाचेपाशी टेपचं शून्याचं टोक धरून जी बसली होती, ती माझी पोरगी होती. सारिका. वय नऊ. तिची जागा जाईल म्हणून मी हात वर ठेवला.

आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा होती. पट कमी झाला म्हणून ती बंद केली आणि पोरं हायवेपलीकडच्या शाळेला जोडली. साडेचार किलोमीटर. मध्ये शिक्रापूरचा रस्ता, कंपन्यांचे कंटेनर दिवसभर चालू. नऊ वर्षांची पोर एकटी कशी पाठवू? नवरा कंपनीत, शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची, आणि मी रोज सोबत गेले तर माझं काम बुडणार. पोरगी घरी बसली. मग सर्वेक्षणाला एक गुरुजी आले, त्यांनी दारात उभं राहून फॉर्म भरला. सारिकाच्या नावापुढं लिहिलं, शाळाबाह्य.

त्याच शिवारात पुण्याच्या पाच-सहा कुटुंबांनी जमीन घेऊन आपल्या पोरांना शिकवायला शेड टाकली होती. त्यांची पोरंही शाळेत जात नव्हती. त्यांच्या दारात फॉर्म घेऊन कुणी गेलं नाही. त्यांना होमस्कूलर म्हणतात. आईबापांनी विचार करून पोराला शाळेतनं काढलं की ते होमस्कूलिंग. शाळाच वस्ती सोडून गेली की पोरगी शाळाबाह्य. दोन्हीकडची पोरं सकाळी दहा वाजता घरीच.

त्या शेडमध्ये मी झाडलोट करायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांचं ड्रिल मशिन बंद पडलं, ते मी उघडून चालू केलं. मग एकेक काम माझ्याकडं आलं. लोलकाचा स्टँड मी वेल्ड केला. अपूर्णांक शिकायच्या लाकडी चकत्या मी कापल्या, कानस मारून गुळगुळीत केल्या. पाणचक्की केली, सर्किटं सोल्डर केली. तिथं पोरांना शिकवणाऱ्या सरांनी एकदा विचारलं, काय हवं तुम्हाला? मी म्हणाले, माझ्या पोरीला यांच्यात बसू द्या. सर लगेच हो म्हणाले. चांगला माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

खोटं बोलणार नाही, तिथं शिकणं खरं होतं. वस्तीवरच्या शाळेत सारिकाला अपूर्णांक कळत नव्हते. इथं चकत्या हातात घेतल्या आणि दोन दिवसांत कळले. घरी भाकरी मोडताना आठवा भाग, सोळावा भाग करायला लागली. तेवढ्यासाठी मी बरंच गिळलं. त्यांच्या ग्रुपवर माझा फोटो यायचा, खाली लिहिलेलं असायचं, आमच्या गोड मदतनीस ताई. आणि मी केलेल्या वस्तूंच्या फोटोखाली, मुलांनी बनवलं.

विहिरीचं निघालं ते माझ्याच तोंडून. शेडजवळची विहीर किती खोल असेल, असं पोरं आपसात बोलत होती. मी झाडता झाडता सांगितलं, सहा परस. सरांनी कान टवकारले. परस म्हणजे काय, ते मी सांगितलं. माणसानं उभं राहून हात वर केला की पायापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप. आमच्याकडं विहीर खणतात ती परसावर. सर फारच खूश झाले. हे जिवंत गणित आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रश्नांचा कागद तयार, आणि मी कठड्याजवळ.

पोरांनी माझं माप सहानं गुणलं. अकरा मीटर चाळीस. मग दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. दोरी आली तेरा मीटरच्या थोडी वर. जवळजवळ दोन मीटरचा फरक. सर हसले आणि पोरांना म्हणाले, बघा, जुनी मापं अशी ढोबळ असतात, म्हणून तर विज्ञान लागतं.

चूक कुठं झाली ते मला त्याच क्षणी दिसलं. ती विहीर माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, खणलेली. आम्ही मेंढपाळ. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन दौंडच्या माळापर्यंत जायचे, पुढं वस्ती करून राहिले आणि विहिरी खणायला लागले. ही जमीन तेव्हा दुसऱ्याची होती. आबा उंच माणूस. त्यांचा परस माझ्यापेक्षा फूटभर मोठा. सहा परस ते त्यांचे होते, माझे नव्हे. माप ढोबळ नव्हतं. माणूस चुकीचा मोजला होता.

मी म्हणाले, सर, यात एक आहे.

सरांनी हातानंच थांबवलं. "ताई, एक मिनिट. उत्तर सांगायचं नाही. मुलांना शोधू द्या."

पोरांना काय शोधायचं होतं? त्यांच्या कागदावर निष्कर्ष लिहून झाला होता. मी झाडू उचलला.

त्या दिवशी घरी आल्यावर सारिकाच्या दप्तरातून तिचा कागद काढला. तिसऱ्या प्रश्नापुढं तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, नाही. इंग्रजीत. नीट, वळणदार.

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नसेल, शेजारच्याचं बघून लिहिलं असेल. मी विचारलं, "ह्यात काय लिवलंय, कळलं व्हतं का तुला?"

"व्हय."

"मंग? मला गणित येत न्हाई?"

ती खाली बघत म्हणाली, "तुला येतं. पन समद्यांनी नो लिवलं. मी येस लिवलं आसतं तर आपल्याला काढलं आसतं."

नऊ वर्षांची पोर. आपल्या आईला काही कळत नाही असं लिहिलं की जागा टिकते, हे तिला कुणी शिकवलं? सरांनी नाही. मीच शिकवलं. हात वर ठेवून उभी राहिले तेव्हा ती माझ्या पायाशी बसून सगळं बघत होती. मला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शनिवारी शेडवर पाहुणे येणार होते. पोरांना शाळेतून काढावं का, या विचारातले पुण्याचे आईबाप. सरांनी निरोप दिला, परसाचा प्रयोग पुन्हा दाखवू, नऊवारी नेसून या, आबांना जमलं तर दोन मेंढ्या घेऊन यायला सांगा. आबा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. मेंढ्या विकून वीस वर्षं झाली.

मी रोजच्या साडीत गेले. पाहुणे विहिरीभोवती उभे. सर म्हणाले, ताई, हात वर. मी दोन्ही हात खालीच ठेवले. आणि बोलले.

"सर, परस कोणाचा ते आधी विचारायचं असतं. विहीर माझ्या वडिलांनी खणली. त्यांचा परस दोन मीटर वीस. काल मी त्यांच्या पलंगाशी टेप लावून मोजलाय. सहानं गुणा."

एका पाहुण्यानं मोबाइलवर गुणलं. तेरा मीटर वीस. मग मी तेच प्रश्न उतरवलेला माझा कागद सरांच्या हातात दिला. तिन्ही उत्तरं मी इंग्रजीत लिहिली होती. तिसऱ्यापुढं लिहिलं होतं, हो, या बाईंना माहीत आहे, तुम्ही विचारलं नाही.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, ताई, उत्तर असं आयतं दिलं की मुलांचा शोधण्याचा आनंद जातो.

रविवारी मेसेज आला. ताई, तुम्हाला थोड्या विश्रांतीची गरज आहे असं आम्हा सगळ्यांना वाटतं. सारिका कधीही खेळायला येऊ शकते. खेळायला, असं लिहिलं होतं. शिकायला नाही.

पोरीनं लिहिलेलं 'नाही' खोटं ठरलं आणि तिची भीती खरी ठरली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तू गप बसली आसती तर?"

आता मी तिला रोज हायवेपलीकडच्या शाळेत घेऊन जाते. चालत. शाळा सुटेपर्यंत बाहेर बसते, म्हणून कुठं कामाला जाता येत नाही. शाळा चांगली आहे असं मी म्हणणार नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले एक कायम कसल्या ना कसल्या माहितीचे तक्ते भरत असतात. अपूर्णांक फळ्यावर लिहितात, पोरं वहीत उतरवतात. वस्तीवरच्या शाळेत असायची तशी सारिका परत मुकी व्हायला लागली आहे. पण हजेरीपटावर तिचं नाव आहे आणि ते कुणाच्या मेहरबानीनं नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रयोगाच्या साहित्याची पेटी आहे. सील तसंच आहे. मी उघडा म्हणाले तर ते म्हणाले, मोडलं, हरवलं तर जबाबदारी कोणाची, ताई? मी म्हणाले, मोडलं तर मी दुरुस्त करीन. ते म्हणाले, अर्ज द्या. दिला. वर पाठवतो म्हणाले. चार अर्ज झाले. वरून काही आलं नाही, येईल असं वाटतही नाही.

काल शिक्रापूरच्या भंगारवाल्याकडून पत्रा आणि सळई आणली. आज तागडी केली. वजनं म्हणून नटबोल्ट, एकेक तोलून घेतलेले. सोमवारी ती घेऊन मी शाळेच्या पायरीवर बसणार आहे. येईल त्या पोराच्या हातात देणार आणि मला येणारं उत्तर सांगणार, दहा वेळा विचारलं तर दहा वेळा. पाचवा अर्ज लिहिणार नाही. परवानगी मागणार नाही. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं यावं आणि सारिकाच्या देखत उठवावं. मी पुन्हा बसेन.