खालचा माइक

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सभांना माइक आणि भोंगे पुरवतात. घरात मात्र त्यांचा आवाज कधी कोणी ऐकलेला नाही. तिथे ताईचा भोंगा चालतो, असं मी त्यांच्या लग्नापासून चिडवत आलो आहे. ते हसतात आणि वायर गुंडाळत बसतात. स्वस्थ बसणं या माणसाला ठाऊकच नाही. जेवतानासुद्धा डावा हात कुठला तरी स्क्रू पिळत असतो.

देशातली जुनी राजवट पडली तेव्हा दाजी विशीत होते. त्याआधी सभा म्हणजे वर एकाने बोलायचं आणि खाली सगळ्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या मोकळ्या सभेला मैदान भरलं, जो तो बोलायला उठला, आणि कोणाचंच कोणाला ऐकू येईना. दाजींना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी लांब वायर ओढून दुसरा माइक खाली, लोकांच्या मधोमध उभा केला. पहिला तिथे गेला तो एक शिंपी. माइकसमोर त्याची बोबडी वळली आणि तो नुसताच खोकला. तो खोकला भोंग्यांतून मैदानभर घुमला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट सांगताना दाजी आजही उठून उभे राहतात. "अरे, साधा माणूस खोकला, आणि सगळ्या मैदानाने ऐकलं," म्हणतात. पुढे ती पद्धतच पडली. सभा कोणाचीही असो, खालचा माइक हवाच, आणि त्याचा आवाज वरच्याइतकाच मोठा. पुढारी जरा जपून बोलायला शिकले ते त्या माइकमुळे, असं माझं मत आहे.

लोक बिचकतात म्हणून दाजींनी खालच्या माइकपाशी एक छोटा स्पीकरही ठेवला. आपला आवाज आपल्या कानावर आला की बोलणाऱ्याला धीर येतो. हेतू चांगला होता, हे मी आजही मान्य करतो.

मग बिघडलं कुठे? एका सभेत एक गृहस्थ आपल्या दारच्या गटाराचं रडगाणं गात बसले ते थांबेचनात. लोकच ओरडले, "बंद कर रे त्याला." दाजींनी बटण फिरवलं. भोंगे गप्प झाले, लोक हसले, दाजींना टाळ्या पडल्या. पुढच्या खेपेला कोणी शिवी दिली. बटण फिरलं, आणि तेही बरोबरच वाटलं. मग नगराध्यक्षांच्या चिटणिसाच्या लक्षात आलं, की भोंगे बंद करून नुसता छोटा स्पीकर चालू ठेवला तर बोलणाऱ्याला वाटतं आपण बोललो, आणि मागच्यांना वाटतं हा पुटपुटतोय. माइकच्या आजूबाजूला नगराध्यक्षांचीच माणसं बसवलेली. चिटणिसाने मागून दाजींच्या खांद्याला बोट लावलं की दाजींनी बटण फिरवायचं, असं न बोलता ठरून गेलं. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही दाजी, काळ सोकावतो," असं मी म्हणालो होतो. ते म्हणाले, "सभा माझी नाही रे. मी नुसता माइकवाला. चिटणीस बिथरला तर धंदा बसेल माझा."

सरकारने निवडणूक पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. कारण काय, तर तयारी नाही. गावात सगळे मूग गिळून होते. ताई दवाखान्यात नर्स आहे, सभांच्या वाटेला कधी जात नाही. पण नगराध्यक्षांच्या परवाच्या सभेला ती ड्युटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली आणि सरळ खालच्या माइकपाशी जाऊन उभी राहिली. मी शेवटच्या रांगेत होतो. तिचे ओठ हलताना दिसले, हात हलताना दिसला, ऐकू काही आलं नाही. मी दाजींकडे पाहिलं. मान खाली, बोटं बटणावर, मागे चिटणीस. माझं डोकंच फिरलं. ताईने बोलणं संपवून सगळ्या मैदानावर नजर फिरवली, थोडी थांबली आणि निघून गेली.

मी तडक तिच्या घरी गेलो. ती भाजी चिरत होती, म्हणजे भाजीवर राग काढत होती.

"मी विचारलं," ती म्हणाली. "आमचं मत घ्यायचं तुम्ही कायमचं विसरलात का, असं तोंडावर विचारलं. एवढं मैदान भरलेलं, एकाने टाळी वाजवली नाही. या लोकांची बाळंतपणं केली मी, त्यांच्या पोरांना सुया टोचल्या. सगळे ढिम्म. असल्यांना राजाच हवा असतो. उद्या निवडणूक आली तरी मी मत द्यायला जायची नाही."

दाजी एव्हाना दारात येऊन उभे होते. वायर गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण हे त्यांनीच सांगायला हवं. नाही सांगितलं तर या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं. मला बसवेना. मी उगाच खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"लोकांना नको बोलूस," दाजी शेवटी म्हणाले. "त्यांना ऐकूच गेलं नाही."

"असं कसं? माझ्या कानांनी ऐकलं मी."

"तेवढं तूच ऐकलंस. भोंगे मी बंद केले होते."

सुरी थांबली. आता ताई तोंड सोडणार म्हणून मी मागे सरकलो. ती ओरडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुमचा माइक, म्हणून मी निर्धास्त गेले हो," एवढंच म्हणाली. मग सुरी बाजूला ठेवून तिने विचारलं, "मास्तरांचं पण?"

दाजींनी होकारार्थी मान हलवली.

मास्तर म्हणजे मागच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी ते खालच्या माइकवर गेले होते, आणि तेव्हापासून त्यांनी गावाशी बोलणं टाकलं होतं. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मान फिरवायचे. म्हातारपणी डोकं फिरलं, असं लोक म्हणत.

"चला," ताई म्हणाली. हात पुसून तिने चपला घातल्या.

मास्तरांनी दार अर्धवट उघडलं. दाजींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. मास्तर चौकट धरून उभे राहिले.

"कोणालाच ऐकू गेलं नाही?"

"कोणालाच नाही, मास्तर."

"आणि मी साऱ्या गावाला भेकड म्हणत वर्षभर दार लावून बसलो." ते पायरीवरच टेकले.

ताई त्यांच्या शेजारी बसली. "काय विचारलं होतंत तुम्ही?"

मास्तरांनी एकदा दाजींकडे पाहिलं. मग खोकले, आणि बोलू लागले. गावचं वर्तमानपत्र कोणाच्या हुकमाने बंद झालं, असं काहीसं होतं ते. आवाज चिरका, वापरात नसलेला. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो टेबलावरून पुढे वाकला. पिशवी घेऊन जाणारी एक बाई थांबली. दाजींची बोटं सवयीने बटण शोधत होती. तिथे बटण नव्हतं, चिटणीसही नव्हता.

"मास्तर," इस्त्रीवाल्याने हाक दिली, "पहिल्यापासून सांगा, आणि जरा मोठ्याने. इकडे ऐकू येत नाही."