डोंगराचं परमिट

आम्हा लाइनमन लोकांचे किस्से इतके का साचतात, त्याला कारण आहे. खांबावर चढतो एकटा आणि खाली उभे राहून बघतात चौघं. वरचा उतरेपर्यंत खालच्या चौघांचे चार किस्से तयार असतात. वरच्याला विचारतो कोण? आता डोंगरावर तर आम्ही सगळेच चढलो होतो, म्हणजे बघा.

मुळात हे काढलं पाईकरावनं. आमच्या डोंगरकड्याच्या सबस्टेशनचा सगळ्यात चपळ गडी. दोन वर्षांखाली पावसात शिडी घसरली अन् तो पडला. पाय जुळला, पण तेव्हापासून तो तक्रारीच्या खिडकीवर बसतो. भिंतीवरच्या घड्याळाला सेल टाकायचा तर स्टुलावर चढत नाही, दुसऱ्याला हाक मारतो. साहेबांनी त्याला विचारून ठेवलं होतं, ‘लाइनवर येता की कायमची खुर्ची? सोमवारी सांगा.’

पाईकराव म्हणाला, “औंढ्याकडं एक उभा डोंगर हाय. चढलो तर लाइन, न्हाई तर खुर्ची.”

आमचे मुकादम राठोड अण्णा लगेच म्हणाले, “एकटा काहून जातो? आमी मेलो का?”

*

वारंगा फाट्यावर पोह्यांना थांबलो. ऑर्डर दिली आणि लाइट गेली. सुट्टीचे कपडे असूनही हॉटेलवाल्यानं आम्हाला ओळखलं. “बरं झालं तुमीच हाव. मिक्सर बंद पडला. लाइट आल्याबिगर चटणी न्हाई.”

“आमी सुट्टीवर हाव,” अण्णा म्हणाले.

“मग चटणी बी सुट्टीवर.”

आमच्यात मुंजाजी म्हणून एक आहे. पोटानं मोठा, कामाला निवांत. त्याला खांबापर्यंत न्यायला दोन चहा लागतात. तो एका हातात कप घेऊन उठला, मागं गेला, हॉटेलचाच पडलेला स्विच वर केला आणि कपातला चहा संपायच्या आत जागेवर येऊन बसला. अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, “उद्यापासून तुला तक्रार देऊन न्हाई, भुकेला ठेवून पाठवतो.”

*

पायथ्याला एक मावशी बकऱ्या चारत होती. आमच्या खांद्यावर दोर, कमरेला पट्टे.

“वर लाइन टाकून राहिले का?”

“न्हाई मावशी, नुसतं चढून राहिलो.”

“काहून?”

अण्णा म्हणाले, “वर जायचं, अन् खाली यायचं.”

“खालीच तर हाव तुमी.”

आम्ही निघालो, तर ती मागून म्हणाली, “माह्या घरापुढचा खांब वाकला, तेवढं बघा.” पाईकराव दोन वर्षांच्या सवयीनं थांबला आणि म्हणाला, “ग्राहक क्रमांक सांगा.” मावशीनं हातातली काठी बकरीकडं फिरवली की त्याच्याकडं, हे अजून ठरलेलं नाही.

*

अर्धा डोंगर झाला आणि पहिला कातळ लागला. लाइनमन सामान घेऊन चढत नसतो. मोकळ्या हातानं चढायचं, वरून दोर सोडायचा, खालच्यानं सामान बांधायचं, मग ओढून घ्यायचं. हाडात मुरलेलं काम. आम्ही एकेक करून झकास वर गेलो, पाईकरावसुद्धा. अण्णांनी दोर सोडला आणि आवाज दिला, “बांध रे!”

दोर हलेना.

“बांध की, झोपला का?”

मग आम्ही एकमेकांकडं पाहिलं. सगळे वर होतो. खाली होती फक्त पिशवी, तिच्यात भाकरी, ठेचा, पाणी आणि डझनावारी केळी. कोण उतरणार यावर वाद झालाच नाही. मुंजाजी कधीच निम्म्यावर पोचला होता.

*

शेवटचा कातळ मात्र सरळ उभा. अण्णा आणि मुंजाजी आधी वर गेले, दोर बांधला, पाईकरावच्या पट्ट्यात अडकवला. मी त्याच्या खाली होतो. निम्म्यावर जाऊन तो थांबला. कपाळ दगडाला टेकलेलं. मला भीती वाटली, खरंच सांगतो.

“उतरायचं का रे?” अण्णांनी वरून हळूच विचारलं.

पाईकराव दगडाशीच बोलल्यासारखं म्हणाला, “इंगोले मॅडमला फोन लाव.”

इंगोले मॅडम आमच्या सबस्टेशनच्या ऑपरेटर, त्या दिवशी ड्युटीवर होत्या. आमचा नियम असा, की ऑपरेटरनं लाइन बंद करून फोनवर परमिट दिल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. काम उरकलं की ज्यानं घेतलं त्यानंच परमिट परत करायचं, तोवर लाइन चालू होत नाही.

मी फोन लावला, स्पीकर चालू करून हात वर धरला.

“मॅडम, पाईकराव बोलून राहिलो. परमिट पाहिजे.”

“कोणत्या लाइनचं?”

“डोंगराचं.”

आम्ही कुठं आणि कशाला गेलोय, हे मॅडमना माहीत होतं. त्या हसल्या नाहीत. रोजच्या ड्युटीच्या आवाजात म्हणाल्या, “डोंगर बंद केला. परमिट दिलं. खात्री करून चढा.”

पाईकरावनं कपाळ उचललं. वरच्या खाचेवरून हात फिरवला, धरली, आणि चढला. मधे कुठंही थांबला नाही.

माथ्यावर तो मांडी घालून बसला. खाली हळदीचे हिरवे पट्टे आणि त्यातून गेलेल्या तारा. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसा तो लेकरासारखा रडला. आमचेही डोळे भरले. मुंजाजीनं त्याला केळ सोलून दिलं, स्वतःच्या आधी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅडम.

“पाईकरावांना द्या. पाईकराव, काम झालं का? परमिट परत करता का?”

पाईकरावनं बाहीनं तोंड पुसलं.

“न्हाई मॅडम. सोमवारपासून रोज परत करीन. आजचं राहू द्या माह्याकडं.”