हत्तीपायाची डॉक्टरीण

माझ्या भाचीच्या हळदीचा बेंजो एवढा जोरात वाजत होता की फोनवर शैला डॉक्टरचे यजमान रवींद्रराव काय म्हणताहेत ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. वाशीजवळच्या आमच्या बोनकोड्यात हळद म्हणजे सगळं गाव अंगणात. एक कान दाबून धरत मी मागच्या मोरीत गेले. “सुमनताई, शैला गेली,” ते म्हणाले. “कुठे?” मी विचारलं... आणि विचारता विचारताच समजलं. बाहेरून बायका मला हाका मारत होत्या. मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि भाचीच्या गालाला हळद लावली. पोरीला बाप नाही, घरात थोरली मीच. तिचा तो दिवस मला मोडता येत नव्हता. शैला डॉक्टरसाठी रडायला मला दुसरी सकाळ उजाडावी लागली, आणि आज इतके आठवडे झाले तरी ते रडणं पुरतं झालेलं नाही.

ती मूळची साताऱ्याकडची. मोठ्या इस्पितळात फिजिशियन झाली, हृदयाचं किंवा मधुमेहाचं काही करून चार पैसे आणि नाव दोन्ही मिळवू शकली असती. तिने आयुष्य घातलं हत्तीरोगात. डास चावतो, त्याच्यातून दोऱ्यासारखे बारीक जंत अंगात शिरतात, शरीरातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नासवतात आणि वर्षानुवर्षं पाय सुजत जातो. माणूस मरत नाही, म्हणून बातमी होत नाही. नव्या शहराचे नोड, म्हणजे नव्या वसाहती, भराव घालून उंच झाले आणि आमची जुनी गावं खाली राहिली. पाणी आमच्याकडेच साचणार, डासही आमच्याकडेच होणार. ती तिथेच यायची. खांद्याला पिशवी आणि हातात काचेची नळी. दांडीवरच्या कपड्यांमागे, माळ्याखालच्या अंधारात बसलेले डास ती नळीच्या टोकाने तोंडाने ओढून घ्यायची. माझी आई तिला पहिल्यांदा पाहून घाबरली होती. “ही बाय मच्छर गिलते काय गो?” आईने मला विचारलं. शैला एवढी हसली की नळीतले डास उडून गेले. “जाळी आहे मधे, आई. मी साताऱ्याची आहे, मला मटण लागतं,” ती म्हणाली आणि आई तिची झाली.

त्याच दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी पालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि उन्हाळा असो की पावसाळा, साडी जमिनीला टेकेल अशीच नेसत होते. डावा पाय विसाव्या वर्षापासून सुजलेला. त्याच्यामुळे लग्न झालं नाही, हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. “पाय दाखव,” ती म्हणाली. मी नाही म्हटलं. ती गेली नाही. पडवीत खाली बसली, आईकडून बादली आणि अंगाचा साबण मागून घेतला. मग माझा पाय मांडीवर घेऊन धुतला, बोटांच्या बेचक्यांत मऊ फडका फिरवून कोरडा केला. तोवर तो पाय माझ्याशिवाय कुणी हातात धरला नव्हता. “ही सूज सगळी जाणार नाही, मी खोटं सांगत नाही,” ती म्हणाली. “पण रोज असं केलंस तर कातडी फाटणार नाही, ताप येणार नाही. तू निवृत्त होईपर्यंत वर्गात उभी राहशील.” तसंच झालं. मी उभी राहिले आणि रिकाम्या वेळात तिच्याबरोबर घरोघर हिंडू लागले, कारण दार उघडायला आपलं माणूस लागतं.

एक दार मात्र आम्हाला उघडता आलं नाही, आणि ते माझ्याच भावाचं होतं. दादूसच्याही पायाला सूज आली होती. चाळी बांधलेला, गावात मान असलेला माणूस. सैल पँट घालून तो हिंडायचा आणि ताप आला की मलेरिया सांगायचा. शैला त्याच्या दारात तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला तो तिच्या तोंडावर मला म्हणाला, “मना काय नाय झालाय. डॉक्टरीनला सांग, परत दारान येव नको. पोरीचा लगीन हाय करायचा, लोका काय बोलतील?” शैलाने हात जोडले. मी तिला कुणापुढे हात जोडताना तेव्हाच पाहिलं. “दादा, हा आजार बापाकडून मुलीला जात नाही हो. डासाने येतो. माझ्यावर विश्वास ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवा, पण दाखवा.” त्याने दार लावून घेतलं. त्याच पावसाळ्यात बोटाच्या बेचक्यात जखम झाली, ती त्याने बायकोलाही दाखवली नाही. इस्पितळात नेला तेव्हा विष सगळ्या रक्तात भिनलं होतं. शैला त्याच्या खाटेशी उभी राहून तिथल्या डॉक्टरांना विनवत होती, हे द्या, ते करून बघा... दादूस गेला. बाहेरच्या बाकावर ती मला म्हणाली, “जंताची सगळी कुंडली मला पाठ आहे, सुमन. एका माणसाला पाय धुवायला लावता आलं नाही.”

त्यानंतर तिचं सगळंच उतरत गेलं. आमच्या भागात नवे रुग्ण सापडेनासे झाले. ते तिच्याच पथकातल्या लोकांनी घराघरांत गोळ्या खाऊ घातल्यामुळे झालं होतं, पण पालिकेच्या एका बैठकीत तिला सांगण्यात आलं की आता इथे हा आजार संपत आलाय, ती बघत असलेला हत्तीरोगाचा वेगळा दवाखाना चालवायची गरज नाही. ती ओरडली म्हणे. ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांचे पाय कुठे संपले, असं तिने विचारलं. दवाखान्याच्या खोलीत दुसरा विभाग आला. मग तिने वाशीच्या आपल्या फ्लॅटमध्ये पेशंट बघायला सुरुवात केली, तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात. “मॅडम, पर्सनली माझं काही नाही, पण लिफ्टमध्ये लोकांना टेन्शन येतं. लहान मुलं असतात.” ती त्यांना समजावत बसली, की सुजलेला पाय शेजारी उभा राहिल्याने काही होत नाही. ते मान हलवत राहिले आणि जाताना तेच वाक्य पुन्हा बोलून गेले. त्या दिवशी दार लावल्यावर ती दिवाणखान्यात जमिनीवर बसली आणि रडली नाही, नुसती बसून राहिली. तिचं रडणं मला परवडलं असतं.

तिच्या छातीत गाठ आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिला स्वतःला कितीतरी आधी कळलं होतं. रवींद्ररावांनाही तिने सांगितलं नव्हतं. मी इस्पितळात तिला भेटायला गेले ती भांडायच्या तयारीनेच. सगळ्या गावाला ‘लपवू नका’ म्हणून सांगत हिंडणारी बाई! पण खाटेवर पाहिलं तर तिची मूठभर राहिली होती, आणि मी भांडायचं सोडून तिच्या पायाशी बसले. तिनेच विषय काढला. “भीती वाटली गं,” ती म्हणाली. “तुझ्या दादूसला वाटली तशीच. मी इतकी वर्षं समजत होते, लोकांना माहिती नसते म्हणून ते लपवतात.” मग तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. “त्याच्यावर मी फार चिडले होते,” एवढंच पुढे म्हणाली. नर्स आली, मी उठले. तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात रवींद्ररावांनी मला तिची खोली आवरायला बोलावलं. पुस्तकं कुठे द्यायची, सूक्ष्मदर्शकाचं काय करायचं, त्यांना काही सुचत नव्हतं, मलाही नाही. कपाट उघडून आम्ही दोघं नुसते उभे होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई, सुनेच्या खांद्याला धरून उभी. कामोठ्याला मुलाकडे राहते, मूळची चंद्रपूरकडची. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत सुजलेला, चपलेत मावत नव्हता, म्हणून पायाला फडकं गुंडाळलेलं. “डॉक्टरबाई हाये का जी?” तिने विचारलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं, वाशीला एक बाई आहे, ती पाय हातात घेते. रवींद्रराव आत निघून गेले. मी सांगितलं, बाई गेल्या. सूनबाईने ‘अरे देवा’ म्हणून सासूचा हात घट्ट धरला. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे, उघड्या खोलीत. टेबल, खुर्ची, भिंतीला लावलेलं उंच स्टूल, सगळं जागच्या जागी होतं.

“मंग आता कोनाकडं जाऊ जी मी?”

सुनेने सांगितलं, चला आई, रिक्षा थांबलीय. ती हलली नाही. हळूहळू पाय ओढत आत आली, शैलाच्या खोलीतल्या पेशंटच्या खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

“थांबते जराशी,” ती म्हणाली.

जा म्हणायचं मला धैर्य झालं नाही. टेबलापलीकडची शैलाची खुर्ची रिकामी होती आणि ती बाई त्या खुर्चीकडे बघत बसली होती. मीही तिच्या शेजारी बसले.